टेकडीवरचं वाळकं पान

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. माझ्या पणजोबांना त्यांच्या पणजीनं सांगितली, तेव्हाच ती जुनी झाली होती. लहानांनो, पुढं बसा, मोठ्यांनो, मागं बसा, आणि मध्येच कुणी "खरंच का हो?" असं विचारू नका, एवढंच माझं मागणं.

एका राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावाला एक खूळ होतं, पाखरं बघायचं. दुसऱ्या गावांतले लोक कुस्त्या लावत, बैल पळवत. हे लोक उन्हातान्हात झुडपामागं दबा धरून बसत. पाखरू दिसलं की गावात येऊन त्याच्यावर चार ओळी जुळवून म्हणत. ओळी हसवणाऱ्याच हव्यात. कुणी रडकं गाणं केलं तर लोक धोतर झटकून उठत आणि घरी जेवायला जात.

चैती पुनवेला, दिवस मावळायच्या सुमारास, सगळं गाव मोठ्या चिंचेखाली जमे. ज्यानं वर्षातलं सगळ्यात दुर्मिळ पाखरू पाहिलं आणि त्याच्यावर सगळ्यात जास्त हसवलं, त्याच्या पागोट्यात मोराच्या पिसांचा तुरा खोवत. तुरेवाल्याला वर्षभर प्रत्येक पंगतीत पहिलं पान. त्याच्या बायकोलाही बायकांत पहिलं पान. आणि नियम एकच होता. ज्या पाखरावर गाणं म्हटलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गावाला दाखवायचं. नुसतं ऐकलेलं पाखरू धरत नसत, दाखवलेलंच धरत. खोटं निघालं तर वर्षभर त्या माणसाच्या गाण्याला कुणी हसायचं नाही. त्या गावात याहून मोठी शिक्षा नव्हती.

या गावात यमाजी नावाचा एक शिंपी राही. सुई हातात आणि नजर खिडकीबाहेर, असा त्याचा कारभार. त्यानं शिवलेल्या चोळीची एक बाही लांब आणि एक तोकडी निघे, आणि त्याची बायको भागू ती उसवून पुन्हा शिवे. शिवता शिवता ती नवऱ्याचा उद्धार करी. पण त्याची गाणी मात्र तिलाही आवडत. खंड्यावरचं हे गाणं तर गावातल्या तान्ह्या पोरांनाही पाठ होतं.

खंड्या बसला काठावर,
डोळा त्याचा माशावर;
मासा गेला खोल खाली,
खंड्याची एकादशी झाली!

गाणी अशी फक्कड, पण तुरा काही यमाजीला मिळत नव्हता. कारण त्याची पाखरं साधी. खंड्या, चिमणी, साळुंकी, पाणकावळा. दुर्मिळ पाखरू त्याला कधी दिसतच नसे. दर वर्षी तुरा न्यायचा तो अंताजी. हा गावच्या पाटलाचा मेव्हणा. त्याला ना शेत ना दुकान, त्यामुळं झुडपामागं बसायला दिवसच्या दिवस मोकळे. अंताजीची बायको पाणवठ्यावर भागूला विचारायची, "यंदा तुमच्यांनी काय पाहिलं हो? कावळा का?" भागू घागर कमरेवर घेऊन मुकाट्यानं निघायची. घरी आल्यावर मुकाटपणा संपायचा.

त्या गावात एक पाखरू असं होतं, की त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता आणि ते पाहिलं कुणीच नव्हतं. रोज दिवेलागणीला टेकडीवरून आवाज यायचा. टुक, टुक, टुक, टुक. त्याला म्हणायचे रातवा. म्हातारी माणसं सांगत, की आमच्या आजोबांनीही पाहिलेला नाही. जो रातवा दाखवील, त्याच्या पागोट्यातून तुरा जन्मभर काढायचा नाही, असं गावानं कधीचंच ठरवून ठेवलं होतं. ठरवायला काय जातंय? कुणाला दिसेल असं वाटतच नव्हतं.

पुनव तोंडावर आली आणि यमाजीकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. एका दुपारी तो टेकडीवर जाऊन एका बोरीच्या झुडपाशेजारी बसला. पानगळीनं सगळी जमीन भरली होती. चुना लावायला विड्याचं पान नव्हतं, तरी हाताला सवय. शेजारचं एक वाळकं पान उगीच उचलावं म्हणून त्यानं हात पुढं केला.

पानानं तोंड उघडलं.

आणि तोंड तरी केवढं! या कानापासून त्या कानापर्यंत. आतून गुलाबी, आणि वर सापासारखा फुत्कार. यमाजी मागच्या मागं बोरीत पडला. काटे टोचले तरी त्याला कळलं नाही. ती रातव्याची मादी होती. पिसांवर पानाचा रंग, पानाच्या शिरा, पानावरची धूळसुद्धा. ती डोळे मिटून घेती तर पुन्हा पान झाली असती.

भीती ओसरायच्या आतच यमाजीच्या डोक्यात चार ओळी येऊन बसल्या. बोलावल्या नव्हत्या, तरी आल्या. त्यानं तिथंच, काट्यात पडल्या पडल्या, त्या म्हटल्या.

वाळकं पान भुईवर पडलं,
हात लावता तोंड उघडलं;
तोंड एवढं मोठं बाई,
मागं पाखरू उरलंच नाही!

आणि तो हसत सुटला. असं गाणं त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. तुरा आता त्याच्या पागोट्यात डुलायला लागला होता.

पण रातवी हसली नाही. ती जागची हललीही नाही. ती म्हणाली, "दादा, गाणं छान आहे. पण ते गावात म्हणू नकोस. माझ्या पोटाखाली दोन अंडी आहेत."

यमाजी म्हणाला, की मी काही अंडी घेणार नाही, गावकरीही घेणार नाहीत, नुसतं बघतील आणि जातील.

"मागल्या वर्षी पलीकडच्या माळावर धाविक होता. त्यालाही नुसतंच बघायला आला होतात तुम्ही," ती म्हणाली. "दुसऱ्या पाखरांना घरटं असतं, काटे असतात, उंच फांदी असते. माझ्याकडं काय आहे? मी दिसत नाही, एवढंच माझं घर. ते तू मोडू नकोस."

यमाजीला तो धाविक, माळावर तुरुतुरु धावणारं पाखरू, आठवला. अंताजीनं दाखवला होता. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, मागून आलेल्या शेळ्या, सगळ्यांनी गोल करून तो पाहिला होता आणि वाहवा केली होती. संध्याकाळी तिथं पावलांशिवाय काही उरलं नव्हतं, आणि धाविक त्या माळावर परत आला नाही. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पाय फार होते, इतकंच.

"पिल्लं उडायला लागेपर्यंत तरी," रातवी म्हणाली. यमाजीनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तो घरी आला.

आता आलेलं गाणं पोटात ठेवणं म्हणजे काय असतं, ते ज्यांना गाणी येतात त्यांनाच ठाऊक. यमाजीला जेवण गोड लागेना. भाकरी मोडताना तो मध्येच फिसकन हसे. भागूनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्याला फैलावर घेतलं. शेवटी त्यानं, हे रातव्यावरचं, असं सांगून गाणं म्हणून दाखवलं. भागू हसून हसून खाली बसली, पदरानं डोळे पुसले, आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं, की म्हणजे यानं रातवा पाहिला. जन्माचा तुरा! पंगतीतलं जन्माचं पहिलं पान!

मग यमाजीनं अंड्यांचं सांगितलं. भागूचा चेहरा उतरला. तिला राग आला, आणि खरं सांगायचं तर तो राग अगदीच खोटा नव्हता. वर्षानुवर्षं पाणवठ्यावर ऐकून घेतलं होतं ते तिनं, त्यानं नव्हे.

"दोन अंड्यांसाठी?" ती म्हणाली. "त्या कोपऱ्यात बघा, आपली कोंबडी टोपलीभर अंड्यांवर खुडूक बसली आहे. दोन अंड्यांचं काय घेऊन बसलात?"

यमाजीनं सुई उचलली. तो खिडकीबाहेर बघत बसला आणि एका सदऱ्याला तीन बाह्या लावून मोकळा झाला.

पुनव आली. चिंचेखाली गाव जमलं. अंताजी उठला, घसा खाकरला आणि त्यानं धनेश नावाच्या मोठ्या चोचीच्या पाखरावर गाणं म्हटलं. ओढ्याकाठच्या उंबरावर फळं खायला तो आला होता.

धनेश निघाला सासुरवाडी,
चोच पुढं अन् मागून गाडी;
चोच पोचली सकाळी,
धनेश आला संध्याकाळी!

लोक खो खो हसले. आपण खोटं कशाला बोलावं, गाणं चांगलंच होतं. मग यमाजीचं नाव पुकारलं. तो उभा राहिला. समोर बायकांत भागू बसली होती, आणि तिचे डोळे त्याच्यावर लागले होते. तिच्या मनात काय आहे ते त्याला दिसत होतं. त्याच्या स्वतःच्या मनातही तेच होतं. त्यानं ठरवलं काहीच नव्हतं. तोंड उघडलं आणि पहिली ओळ आपसूक बाहेर आली.

वाळकं पान भुईवर पडलं...

गाव पुढं सरकलं. सुरुवातच अशी झोकदार, की काहीतरी मोठं येणार हे सगळ्यांना कळलं. भागू पदर सावरून ताठ बसली. आणि नेमका त्याच वेळी टेकडीवरून आवाज आला. टुक, टुक, टुक, टुक. रोजचाच आवाज. कुणी मानही वळवली नाही.

यमाजीनं मात्र ऐकलं. त्याला समोर चेहरे दिसेनात, नुसते पाय दिसायला लागले. वहाणांतले पाय, अनवाणी पाय, नाचणारे पाय. तो थांबला, आणि मग जे तोंडाला आलं ते त्यानं म्हणून टाकलं.

...आमच्या कोंबडीनं तुडवलं;
तुडवलं तर तुडवलं बाई,
कोंबडीला काही कळत नाही.

क्षणभर कुणाला कळेना, की झालं काय. मग हशा असा उसळला, की चिंचेवरचे बगळे उडाले. पण हा हशा गाण्याला नव्हता, यमाजीला होता. दुर्मिळ पाखरू म्हणे कोंबडी! गाण्यात गमतीचा पत्ता नाही! तुरा अंताजीच्या पागोट्यात गेला. आणि अंताजीची बायको सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नियम म्हणजे नियम. उद्या सकाळी कोंबडी बघायला जायचं."

भागू घरी गेली ती एक अक्षर न बोलता. हे नेहमीच्या बोलण्याहून वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, धनेश मागाहून बघू म्हणत, सगळं गाव यमाजीच्या दारात हजर. थट्टा करायला लोकांना वेळच वेळ असतो. "कुठाय ते दुर्मिळ पाखरू?" असं म्हणत पुढचे आत शिरले, मागच्यांना दिसेना म्हणून त्यांनी रेटलं, पोरं पायांमधून घुसली. कोपऱ्यातली कोंबडी भेदरून फडफडली, अंताजीच्या नव्या तुऱ्यावरून उडून आढ्यावर जाऊन बसली. गाव पोट धरून हसलं. हसता हसता कुणाचा तरी पाय टोपलीत पडला. मग दुसऱ्या कुणाचा. कुणी मुद्दाम केलं नाही. बघून झालं तशी माणसं चुकचुकली आणि घरोघर गेली.

भागू टोपलीपाशी बसली. टोपलीत अर्धवट वाढलेली पिल्लं होती, आता ती वाढणार नव्हती. आढ्यावरून कोंबडी ओरडत होती. यमाजीला आपलं चुकलं असं वाटत होतं, कारण एकीला वाचवताना त्यानं दुसरीचं नाव घेतलं होतं. तो काही बोलायला गेला, पण भागूनं हात वर करून त्याला थांबवलं.

ती म्हणाली, "टेकडीवरच्या तिच्या अंड्यांचंही असंच झालं असतं."

"हो," यमाजी म्हणाला.

भागूनं टरफलं पदरात गोळा केली. "दिसते कशी हो ती?" तिनं विचारलं.

"पानासारखी."

यावर भागूनं मान हलवली, आणि त्या दिवसापासून तुऱ्याचा विषय त्या घरात निघाला नाही. पाणवठ्यावर तिला "कोंबडीवाली" म्हणू लागले. तिनं घागर भरली आणि खुशाल हसून ती घरी आली. घरी आल्यावरही हसतच राहिली, तेव्हा यमाजीला जरा भीतीच वाटली.

पुढं महिना उलटून गेल्यावर, एका तिसऱ्या प्रहरी, यमाजी टेकडीवर गेला. बोरीखाली टरफलाचे दोन तुकडे होते, आणि बाकी सगळी पानंच पानं. म्हणजे पिल्लं उडाली. त्याला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, कारण ते गाणं आता ऐकायला कुणी नव्हतं. त्यानं ते एकट्यानंच मोठ्यानं म्हटलं, अगदी हातवारे करून.

"शेवटची ओळ मला तेव्हाच आवडली होती," जवळूनच आवाज आला. "अंडी होती म्हणून हसले नाही."

यमाजीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. एवढा पाखरांचा नादी माणूस, पण त्याला ती दिसली नाही. रातवी म्हणाली, "हलू नकोस, माझी पोरं तुला बघताहेत. त्यांनी आजवर माणूस पाहिलेला नाही. दुर्मिळ जनावर म्हणून मी त्यांना तू येण्याची वाट बघायला लावलं होतं. आणि आमच्यातही तसा रिवाज आहे, जे पाहिलं त्याच्यावर गाणं करायचं." मग पानांमधून तीन आवाजांत गाणं आलं, एक मोठा आणि दोन चिरके.

दोन पायांचं एक जनावर,
पागोटं मोठं डोक्यावर;
तोंड त्याचं मोठं बाई,
पण काही सांडलं नाही!

यमाजी तिथंच खाली बसला. त्याला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते. गावानं दिलेला कोणताच तुरा त्याला इतका शोभला नसता.

त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला. त्याच्या चोळ्यांच्या बाह्या शेवटपर्यंत लहानमोठ्या राहिल्या आणि पागोटं बिनतुऱ्याचं राहिलं. दिवेलागणीला टेकडीवरून टुक टुक ऐकू आलं, की चिंचेखाली कुणीतरी हटकून म्हणे, "हा रातवा काही अजून कुणाला दिसलेला नाही बुवा." यमाजी भागूकडं बघे, भागू यमाजीकडं बघे, आणि यमाजी म्हणे, "नाही बुवा."

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या मागं बसून जांभया देणाऱ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: जे सांगितल्यानं मोडेल, ते पाहावं, मनात हसावं आणि ओठांआड जपावं.