पळसाच्या पानावरचा पंजा

नदीपासून हाकेच्या अंतरावर, करवंदीच्या एका जाळीत, एक सशीण आपल्या एकुलत्या एका पिल्लाला घेऊन राहत असे. मुलांनो, रानातले प्राणी तिला भित्री म्हणत, पण ते पूर्ण खरे नव्हते. तिला भीतीपेक्षा गोंधळ जास्त व्हायचा. एखादी गोष्ट नीट कळल्याशिवाय तिला पुढे पाऊल टाकता येत नसे, आणि रानातल्या बऱ्याच गोष्टी तिला नीट कळत नसत.

तिचे पिल्लू अर्जुनाच्या झाडाखालच्या शाळेत जायचे. ही शाळा एका म्हाताऱ्या वानराने काढली होती आणि बगळे गुरुजी तिथे शिकवत. एके दुपारी पिल्लू तोंडात पळसाचे पान धरून उड्या मारत घरी आले. शाळेची सहल नदीपलीकडच्या माळावर जाणार होती. कोणते गवत खावे आणि कोणत्या गवताने पोट बिघडते, हे गुरुजी तिथे प्रत्यक्ष दाखवणार होते. पानावर काट्याने कोरले होते : "सहलीत पिल्लास इजा झाल्यास, पिल्लू हरवल्यास किंवा अन्य काहीही घडल्यास, कारण कोणतेही असो, शाळा जबाबदार राहणार नाही. हे मला मान्य आहे." खाली पालकाच्या पंज्यासाठी जागा सोडली होती.

सशिणीने पान तीनदा वाचले, आणि तिन्ही वेळा ती 'अन्य काहीही'पाशी अडखळली. पंजा उमटवावा, तर आपल्या लेकराचे काय वाटेल ते होवो, आपली तक्रार नाही, असे कबूल केल्यासारखे होईल. न उमटवावा, तर सगळा वर्ग माळावर जाईल आणि आपले पिल्लू झाडाखाली एकटे बसेल. पिल्लू दर थोड्या वेळाने येऊन विचारायचे, "आई, उमटवलास का पंजा?" आणि ती म्हणायची, "बघते हं."

शेवटी ती शेजारी विचारायला गेली. हरिणीने पान न वाचताच खूर उमटवून दिला होता. सगळ्यांनीच दिला, मग आपण एकटीनेच कशाला मागे राहायचे, असे ती म्हणाली. साळिंदराने उलट आपले पोर घरीच ठेवायचे ठरवले होते. अशा पानावर पंजा देणाऱ्या आयांना लेकरांची माया नसते, असे ते काटे फुलवून म्हणाले. सशिणीला हरिणीचे ऐकताना हरिणीचे पटले, साळिंदराचे ऐकताना साळिंदराचे पटले, आणि परतीच्या वाटेवर दोघांचेही पटेनासे झाले.

वाटेत तिला कोल्हा भेटला. पानावरचा मजकूर त्यानेच लिहून दिला होता. त्याने सांगितले, की मागच्या वर्षी सहलीत एका रानडुकराच्या पिल्लाचा पाय मुरगळला, आणि त्याची आई चार दिवस शाळेत येऊन भांडत होती. तेव्हापासून वानराला असे पान हवे होते.

"अहो ताई, ही नुसती पद्धत आहे," कोल्हा म्हणाला. "या पानाला तसा काही अर्थ नसतो."

"अर्थ नसेल तर मग माझा पंजा कशाला हवाय?"

काहीतरी काम निघाल्याचे सांगून कोल्हा चालता झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सशीण पान घेऊन शाळेत गेली. वानर फांदीवर बसून आलेली पाने रचत होते. साळिंदर सोडले, तर फक्त तुमचेच पान राहिले आहे, असे ते जरा त्रासूनच म्हणाले. सशिणीला शरमल्यासारखे झाले. वाटेत जुळवलेली सगळी वाक्ये ती विसरली.

"सर, हे पान मला कळलेलं नाही," ती म्हणाली. "ते राहू द्या. पिल्लं नदी कुठून ओलांडणार, तेवढं सांगा."

नेहमीच्या उतारावरून, असे वानर म्हणाले. तिथे पाणी किती असते, हे मात्र त्यांना सांगता येईना. त्यांनी बगळे गुरुजींकडे पाहिले.

"गुडघ्याएवढं," गुरुजी म्हणाले.

"कोणाच्या गुडघ्याएवढं?" सशिणीने विचारले.

तिने हे टोमणा म्हणून विचारले नव्हते. तिला खरोखरच माहीत नव्हते. गुरुजींनी मान वाकवून आपल्या लांब पायांकडे पाहिले. मग वानरांनीही हळूच सांगितले, की ते स्वतः नेहमी फांद्यांवरूनच पलीकडे जातात.

तिघे उतारावर गेले. गुरुजी पाण्यात उभे राहिले, पाणी त्यांच्या गुडघ्याला लागले. त्यांच्यामागून सशीण उतरली. दुसऱ्या पावलाला पाणी तिच्या गळ्याशी आले आणि तिसऱ्याला तिचे पाय तळापासून सुटले. वानरांनी झेप घेऊन तिला कानाला धरून काठावर ओढले. ती ओली, थरथरत बसली, आणि वानर तिच्या शेजारी येऊन बसले.

"त्या पोराचा पाय मुरगळला तेव्हा मी फार घाबरलो होतो," ते म्हणाले. "पुन्हा कोणाचं ऐकून घ्यावं लागू नये, म्हणून हे पान करून घेतलं. पाणी किती आहे, ते मात्र मी बघितलंच नाही."

थोडे वरच्या अंगाला एक जांभळाचे झाड नदीवर आडवे पडले होते. पिल्लांनी त्याच्यावरून एकेक करून जायचे, गुरुजींनी खाली पाण्यात उभे राहायचे आणि वानरांनी पलीकडच्या टोकाला थांबायचे, असे ठरले. कोल्ह्याकडून नवे पान लिहून घेतले. त्यात वाट लिहिली, कोण कुठे उभे राहील ते लिहिले. शाळेने काळजी घ्यायची, आणि ती घेऊनही पाय घसरला किंवा काटा रुतला तर पालकांनी शाळेला दोष द्यायचा नाही, असे लिहिले. खाली दोन पंज्यांची जागा होती. पहिला पंजा वानरांनी उमटवला.

सशीण तरीही घुटमळली. पिल्लू पडणारच नाही, असे याही पानावर लिहिलेले नव्हते. तिने तसे बोलून दाखवले.

"ते कोणालाच लिहून देता येणार नाही, बाई," वानर म्हणाले.

का कोण जाणे, पण हे वाक्य तिला पहिल्या झटक्यात कळले. तिने ओल्या मातीत पंजा बुडवला आणि पानावर ठेवला. बातमी ऐकून साळिंदरानेही आपले पोर पाठवले.

सहलीच्या दिवशी झाडाच्या मध्यावर सशिणीच्याच पिल्लाचा पाय घसरला. ते पाण्यात पडले, पण गुरुजी तिथेच उभे होते. त्यांनी चोचीत त्याचा कान पकडून ठेवला आणि वानरांनी त्याला वर उचलले. संध्याकाळी पिल्लू सुजलेला कान घेऊन घरी आले आणि गवतांची नावे सांगत सुटले. कानाकडे पाहिले, की सशिणीला वाटे, उगाच पाठवले. नावे ऐकली, की वाटे, बरे झाले पाठवले. ती कानाला पाला चोळत राहिली आणि पिल्लू बोलत राहिले. शाळेत भांडायला मात्र ती गेली नाही.

तात्पर्य : जे समजले नाही, त्यावर सही करण्याआधी विचारावे, आणि ज्याला विचारले, त्याने रागावण्याआधी स्वतः पाण्यात उतरून पाहावे.