तिसरा रॉकर

आमच्या घाटावरच्या दवाखान्याकडे एकच जुनी जीप होती आणि ती चालवायची माझी सुमतीआत्या. वाड्यावस्त्यांवरच्या बाळंतिणी तिच्याच भरवशावर असत. एकदा इंजिन टकटक वाजू लागलं. दवाखान्याचे अध्यक्ष सरनोबतसाहेब म्हणाले, "बाई, इंजिन पार झिजलंय. मोडीत काढा. पुढच्या वर्षी नवीन गाडी बघू."

"तोवर बाळंतिणींना थांबायला सांगू?" असं विचारत आत्याने इंजिनावरचं झाकण काढलं. मग इंजिन चालू ठेवून ती एकेका रॉकरखाली, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीखाली, पोलादाची पातळ पट्टी सरकवत गेली. तिसऱ्याशी टकटक थांबली.

"झिजलाय तो हा एकटा. बाकीचे गुमान काम करतायत."

"एक गेला म्हणजे सगळे गेलेच समजा."

"असं कसं, साहेब? मंडळाच्या बैठकीत तुमचा एकट्याचाच आवाज असतो. म्हणून आम्ही अख्खं मंडळ मोडीत काढलं का?"

शेजारी उभ्या असलेल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई तोंड फिरवून हसल्या. रॉकर बदलला आणि जीप पुढे कित्येक वर्षं घाट चढत राहिली.

आता आत्या नाही, जीपही नाही. दवाखान्याच्या मंडळावर मी आहे. बैठकीत कुणी उगाच वाजू लागलं, की माझा हात खिशात जपलेल्या आत्याच्या त्या पोलादी पट्टीकडे जातो.