न झाडलेली खोली

"मग आमच्याच खोलीत केर का, बाबा?"

दामूबाबा मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

वैजंता पोरीला कडेवर घेऊन समोर उभी होती. राणू अडीच वर्षांची, पण अंगानं दीड वर्षाची दिसायची. जन्मापासून तिच्या काळजाला भोक. उद्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं, ऑपरेशनला. बाप खाट धरायला पुढं गेला होता. वाटेत मायलेकी नदीकाठच्या या मठात मुक्कामाला उतरल्या, त्या बाबांच्या तोंडचा एक शब्द ऐकायला. पोर वाचेल, एवढाच.

आणि भक्तनिवासात पाऊल टाकावं तर ही तऱ्हा.

"समोरची खोली बघा. माणसं निघाली नाहीत तोवर झाडली, पुसली, चादर बदलली. दारात नव्या पाहुण्यांसाठी गरम पाण्याची बादली. आणि आमच्या खोलीत? खिडकीत शेंगांची टरफलं, पलंगावर कुणाचं तरी चुरगळलेलं पांघरूण. केरसुणी मागितली तर ह्या गोदाक्का म्हणतात, ही खोली आत्ता झाडायची नाही. एकाला एक, दुसऱ्याला एक. देवाच्या दारी पण असंच का?"

गोदाक्का मठातच राहायची, खोल्यांचं सगळं तीच बघायची. ती खांबाला टेकून म्हणाली, "माझ्याकडं काय बघता बाई. बाबांनीच सांगितलंय."

"डॉक्टर म्हणालेत धूळ नको, सर्दी नको." वैजंताचा आवाज चढला. "माझ्या घरी येऊन बघा, बाबा. फरशीवर सांडलेलं दूध पोरीनं चाटलं तरी बाधायचं नाही, असं घर ठेवते मी."

बाबांनी आता वर पाहिलं.

"झाडून झाडून हात दुखत असतील तुझे."

वैजंतानं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. असं तिला कुणी म्हटलं नव्हतं...

"गोदाक्का," बाबांनी विचारलं, "समोरच्या खोलीतली माणसं कशी गेली?"

"भांडून. चहा गार मिळाला म्हणून. किल्ली फेकली न् म्हणाली, पुन्हा इकडं पाय ठेवणार नाही."

"आणि हिच्या खोलीतला?"

"तो जवान होता. सुट्टी संपली त्याची. सकाळी तुमच्या पाया पडला न् म्हणाला, येतो."

बाबांनी एक शेंग फोडली.

"तुमच्याकडं, बाई, माणूस 'येतो' म्हणून उंबरा ओलांडतो. त्याच्या पाठोपाठ केर काढता?"

काढत नाहीत. वैजंतानं एकदा काढायला घेतला होता, नवरा गावाला निघाला तेव्हा. सासूनं हातातली केरसुणी हिसकावून घेतली होती. केराबरोबर त्याची परतीची वाट झाडशील, म्हणाली होती.

"पण ते घरात, बाबा. हे भक्तनिवास. रोज माणसं येणार, रोज जाणार. कुणाकुणाचं बघत बसायचं?"

"त्याला दुसरं घर नाही. तो इथूनच निघाला."

वैजंतानं खोलीच्या दाराकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आणि गरम पाणी?"

"ते आम्ही विसरलो."

गोदाक्का पदराआड हसली आणि चुलीकडं गेली.

"मग पोरीला निजवू कुठं?"

बाबांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. मांडी मोकळी केली.

राणू परक्याकडं जायची नाही. अनोळखी माणूस दिसला की मायच्या मानेत तोंड खुपसायची. ती आपणहून खाली उतरली, बाबांच्या मांडीवर चढली आणि झोपून गेली.

वैजंता शेजारी बसली. थोड्या थोड्या वेळानं ती पोरीच्या नाकाशी बोट धरून बघायची. बोटाला श्वास जाणवला की काढायचं. पुन्हा धरायचं. बाबा बघत होते. ओट्यावरचं ऊन सरकत सरकत अंगणात उतरलं...

गोदाक्का मोबाइल धरून आली. "पोचला, बाबा. छावणीत पोचला, जेवायला बसलाय."

बाबांनी पोर आईकडं दिली. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि केरसुणी स्वतः घेतली.

"द्या इकडं, मी काढते," वैजंता म्हणाली. त्यांनी दिली नाही.

त्यांनी पलंग सरकवला. कोपरे झाडले, खिडकी झाडली, टरफलं सुपात भरली. मग गरम पाण्यानं फरशी धुतली, कोरड्या फडक्यानं टिपली. पांघरूण नेलं, धुतलेली चादर आणून तिच्यावरची एकेक सुरकुती तळव्यानं सारखी केली. बाळंतिणीची खोली करावी तशी. कुठं घाई नाही, कुठं आवाज नाही.

वैजंता त्यांच्या हातांकडं बघत राहिली. जन्मभर तीही झाडत आली होती. पण तिच्या हातात कायम भीती असायची. या हातांत ती नव्हती.

"बाबा," ती दारातूनच म्हणाली, "एक शब्द द्या. पोर वाचेल म्हणा."

बाबांनी राणूच्या ओंजळीत शेंगा घातल्या... आणि निघून गेले.

सकाळी जीप आली, हॉर्न वाजला. वैजंतानं खोलीकडं पाहिलं आणि ती ओशाळली. राणूनं सगळीकडं टरफलं केली होती. प्रत्येक दाण्याचे बारीक तुकडे करून भरवले होते मायनं, घशात अडकेल म्हणून. फोलपटं पार पलंगाखाली उडाली होती. चादर चुरगळली होती. बाबांनी एवढी लख्ख केलेली खोली. तिनं झटकन केरसुणी उचलली.

तिच्या हातावर हात आला. बाबा होते.

केरसुणी खाली राहिली. वैजंता वाकून पाया पडली. आता एकच शब्द बोलायचा होता. रोज दहादा बोलतो तो शब्द. तिनं तोंड उघडलं. पण खोटा पडला तर, या भयानं तो बाहेरच येईना... ओठ नुसते हलले.

कडेवरून राणूनं हात हलवला.

"येते हं, बाबा."

बाबांनी त्या एवढ्याशा पोरीला हात जोडले. मग ते खोलीच्या उंबऱ्यावर, टरफलांकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून बसले.

जीप सुरू झाली, तरी वैजंताला त्यांचा आवाज आला.

"गोदाक्का, केरसुणी उचलून ठेव. आज मी इथंच बसतो."