प्रतीक्षेच्या गठ्ठ्यातली विहीर

कचेरीतली कपाटं लाकडी असायची त्या काळची गोष्ट. एका कचेरीत समोरासमोर दोन कपाटं होती, पाणीखात्याचं आणि जमीनखात्याचं. जिला दुसऱ्या खात्याचं उत्तर यायचं असेल ती फाईल रुमालात बांधून प्रतीक्षेच्या गठ्ठ्यात ठेवायची, अशी तिथली पद्धत होती.

पाण्याच्या गठ्ठ्यात हिवरवाडीच्या विहिरीची फाईल होती आणि जमिनीच्या गठ्ठ्यात त्या विहिरीच्या जागेची. वाडीच्या बायका तोवर ओढ्याचं गढूळ पाणी भरत होत्या.

"मावशी, तुमच्याकडून जागा मोजून आली की सुटले मी," विहिरीची फाईल एकदा थकून म्हणाली.

"मोजणी कशी होईल गं? आधी तुमच्या खात्याची मंजुरी यायला हवी. मी तिचीच वाट बघत बसलेय."

विहिरीच्या फायलीने समोरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

"म्हणजे आपल्याला उघडायला कुणीच येणार नाही."

"कशाला येतील? आपण नीट लावलेल्या आहोत. हरवलो असतो तर कुणी शोधलं तरी असतं."

हे ऐकून विहिरीच्या फायलीने अंग चोरत रुमालातून स्वतःला सोडवलं आणि ती कपाटामागे पडली. तपासणीत एक फाईल कमी भरली आणि खरोखरच शोधाशोध झाली. घामाघूम झालेल्या कारकून वसेकरांनी तिला बाहेर काढलं, धूळ झटकली, वरचा शेरा तेवढा वाचला आणि पुन्हा प्रतीक्षेच्या गठ्ठ्यात घट्ट बांधून टाकलं.

बाहेर हिवरवाडीची तान्हूबाई उभी होती. "भाऊसाहेब, आमच्या विहिरीचं काय झालं?"

"काळजी करू नका, आजी," वसेकर समाधानाने म्हणाले. "फाईल अगदी जागेवर आहे."