चोवीस पटीची दुर्बीण

"...मग चोवीस पटीची घेऊ की नको, एवढं एकच सांगा उस्ताद. बाकी उपदेश नको मला!"

रणधीर मोकाशी जवळजवळ ओरडलाच.

दिलावर उस्तादांनी हातातली कानस फुंकली, कीस उडाला. त्यांनी वर पाहिलं नाही.

उस्ताद बंदुका दुरुस्त करायचे. उमेदीची वर्षं पलटणीच्या कारखान्यात रायफली जुळवण्यात गेली होती. आता पीराच्या दर्ग्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, एक ऐरण आणि एक शेगडी घेऊन ते बसत. तालुक्यातले परवानेवाले त्यांना टरकून असत. एखाद्याची बंदूक पाहून ते सरळ म्हणायचे, "चांगली आहे. घरी ठेव. बाहेर काढू नकोस." म्हणून लोक त्यांना अर्धे कारागीर आणि अर्धे फकीर समजत.

रणधीर त्यांचा शागीर्द. सोळाव्या वर्षी इथल्याच बाकावर नेम धरायला शिकलेला. जिल्ह्यात त्याच्यासारखा हात नव्हता, आणि ते त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

आज त्याने ऐरणीशेजारी तीन खोकी मांडली होती. रायफलीवर बसवायच्या, पुण्याच्या एका मित्राकडून पारखायला आणलेल्या तीन दुर्बिणी. एक ठेवायची, दोन परत करायच्या.

"जुनी कुठाय?" उस्तादांनी विचारलं.

"फेकली."

"का?"

"का म्हणजे?" रणधीरच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. "तुम्हाला ठाऊक नाही होय का? आख्ख्या गावाला ठाऊक आहे! त्या भंगार काचेपायी माझं नाव मातीत गेलं!"

उस्ताद कानस चालवत राहिले...

झालं होतं ते असं. पठारावरच्या शेंगांच्या रानात डुकरांनी धुमाकूळ घातला होता. एका रात्रीत एकराची नांगरट करून जायची. लोकांनी वनखात्याकडून रीतसर परवानगी आणली आणि रणधीरचे पाय धरले. चार दिवस तो बांधाला बसला. चौथ्या दिवशी, दिवस मावळून गेल्यावर, दीडशे पावलांवर काहीतरी काळं हललं. त्याने दुर्बिणीतली फुली जुळवली. चाप ओढला.

ते डुक्कर नव्हतं. रानात खतासाठी मेंढ्या बसवायला आलेला म्हाकू वाघमोडे डोक्यावरून घोंगडी घेऊन बसला होता. गोळी त्याच्या बगलेखालून, घोंगडीच्या दोन्ही पदरांतून आरपार गेली. पायाशी झोपलेलं कुत्रं जागच्या जागी संपलं.

म्हाकूला ओरखडाही नव्हता. पण तो त्या दिवसापासून रानात पाठ टेकून झोपला नव्हता, असं लोक सांगत.

"मी काय मुद्दाम केलं?" रणधीर आता येरझाऱ्या घालायला लागला. "हेच लोक आले होते ना हात जोडून? 'दादा, वाचवा' म्हणत? आता चावडीपाशी गेलो की बोलणं बंद! पाण्याचा तांब्या पुढं करत नाही कुणी! मी म्हाकूला नवीन घोंगडी नेऊन दिली, चांगल्या जातीचं पिल्लू नेलं. दोन्ही परत पाठवलं त्याने. माजच म्हणायचा!"

"माफी मागितलीस?"

"घोंगडी नेली म्हणजे काय केलं मग?"

उस्तादांनी कानस खाली ठेवली. उठले, आणि बोटाने रणधीरच्या उजव्या भुवईकडे खूण केली. तिथे चंद्रकोरीसारखा एक ताजा व्रण होता.

"हे त्याच दिवशीचं?"

रणधीरचा हात नकळत भुवईवर गेला. "बंदुकीच्या धक्क्याने दुर्बीण लागली. होतं असं कधीकधी."

"तुला मी काय शिकवलं होतं? डोळा आणि काच यांत किती अंतर?"

"...चार बोटं."

"मग लागली कशी?"

लागली होती, कारण रणधीरने डोळा काचेला भिडवला होता. दिसत नव्हतं म्हणून. हे उस्तादांनी व्रणावरून वाचलं, याचा त्याला आणखीच संताप आला.

"तेच म्हणतोय ना मी!" तो उसळून म्हणाला. "दिसत नव्हतं! काच चांगली असती तर हे झालंच नसतं. ही बघा..." त्याने सगळ्यात लांब खोकं उघडलं. मनगटाएवढ्या जाडीची, काळीशार, मखमलीत निजलेली दुर्बीण. "चोवीस पट! पुढची काच पन्नास मिलिमीटर. पाखराच्या डोळ्यातलं बुबुळ दिसतं हिच्यातून!"

"दुपारी."

"म्हणजे?"

"पन्नासाला चोविसाने भाग."

"दोन. दोनच्या वर थोडं."

"मोहरीएवढा. तेवढाच उजेडाचा ठिपका डोळ्यापर्यंत येतो. भर उन्हात पुष्कळ झाला. पण संध्याकाळी तुझ्या डोळ्यातली बाहुली वाटाण्यासारखी उघडते... आणि तू तिला मोहरी देणार." त्यांनी दुसरं खोकं पुढे ओढलं. "ही नऊ पटीची. चाळीसची काच. ही देईल जोंधळ्याएवढा. आणि ही धाकटी, चार पटीची, बत्तीसची. ही देते हरभऱ्याएवढा. चित्र लहान, पण रान सगळं दिसतं."

"चोवीसवाली कमी करता येते की! सहापर्यंत खाली येते ती!"

"येते. मग सहाच का नाही घेत?"

रणधीरने दात ओठ खाल्ले. त्याला वाटलं, म्हातारा मुद्दाम छळतोय. इतकी वर्षं याच्या हाताखाली काढली, आणि साधा एक प्रश्न विचारला तर लहान पोरासारखे भागाकार करायला लावतोय.

"गणित मला येतं, उस्ताद! मला निवाडा पाहिजे. कुठली काच असती तर त्या दिवशी मला माणूस दिसला असता? तेवढं सांगा!"

उस्तादांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"हा प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले. "पण माझा नाही."

"मग कुणाचा?"

"जो दिसला नाही त्याचा."

त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली. कोपऱ्यात उभी केलेली रणधीरची रायफल उचलली, रिकामी असल्याची खात्री केली, ज्याच्याविना गोळी सुटत नाही तो बोल्ट काढून आपल्या खिशात टाकला आणि रायफल कपाटात घालून कुलूप लावलं.

"दुर्बिणी घे. तिन्ही. चल."

"कुठं?"

उस्ताद तोवर शेडबाहेर पडले होते.

*

म्हाकूचा वाडगा, मेंढ्या कोंडायची जाळीची जागा, पठाराच्या कडेला होता. रणधीरने गाडी लांबच उभी केली. मेंढ्या आत घेऊन म्हाकू जाळीचं तोंड बांधत होता. रणधीरला पाहताच त्याचे हात थांबले.

"ह्येला कशापायी आनलं, उस्ताद?"

"काम तुझ्याकडे आहे, म्हाकू. याला दुर्बीण घ्यायची आहे. तीन आहेत. तू निवड."

म्हाकूने हातातली दोरी सोडली.

"मी?" त्याचा आवाज चढला. "मला मारायची दुर्बीन मीच निवडू? थट्टा लावलीया व्हय? माजं कुत्रं ग्येलं! नऊ वरसं रातचं जागलं त्ये माज्या मेंढरांसाठनं! आनि ह्यो दुसरं घिऊन येतोय, इकत घ्येतल्यालं! कुत्रं म्हंजी काय पायतान हाय व्हय, तुटलं की दुसरं आनलं?"

"मी भरपाई म्हणून..." रणधीर सुरू झाला.

"तू गप्प," उस्ताद म्हणाले.

एवढा कडक आवाज रणधीरने त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. त्याचे कान तापले. एका मेंढपाळासमोर!

उस्ताद म्हाकूकडे वळले. त्यांचा स्वर खाली आला. "थट्टा नाही, बाबा. तो म्हणतो, दोष काचेचा होता. मी म्हणून उपयोग नाही, तो म्हणून उपयोग नाही. त्या काचेच्या पलीकडे तू होतास. तूच सांग."

म्हाकूने मान फिरवली. जाळीची गाठ मारून झाली. सोडली. परत मारली.

"...काय करायचं?" त्याने शेवटी विचारलं.

"तुझी घोंगडी याला दे."

*

दिवस मावळला होता. शेंगांच्या उकरलेल्या रानात, त्याच बांधाजवळ, रणधीर डोक्यावरून घोंगडी घेऊन बसला होता. उस्तादांनीच वाडग्यापासून पावलं मोजून त्याला तिथे आणलं होतं. दीडशे. "बस," एवढंच म्हणाले, आणि माघारी गेले.

घोंगडीला मेंढ्यांचा आणि धुराचा वास होता. बगलेखाली भोक होतं. कडा उसवलेल्या. पलीकडच्या पदरातही तसंच.

आपण हे का करतोय? रणधीरला स्वतःचीच चीड आली. जिल्ह्यातला पहिला नेमबाज, आणि इथे ढेकळांत बसलाय, कुणीतरी बघावं म्हणून! उद्या गावात कळलं तर काय राहील?

त्याने घोंगडीच्या फटीतून पाहिलं. वाडग्यापाशी दोन आकृत्या होत्या. एकीने हात वर केला. हातात नळकांडं.

रायफल शेडमध्ये, कुलपात. बोल्ट उस्तादांच्या खिशात. ती नुसती काच होती. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तरी त्याची पाठ आक्रसली.

त्याने हलायचं नाही असं ठरवलं. मग वाटलं, हलावं. हललं की माणूस वाटेल... पण त्या दिवशी म्हाकूही हललाच होता. हलला म्हणूनच तर त्याने चाप ओढला होता.

नळकांडं खाली आलं. दुसरं वर गेलं.

रणधीरच्या बगलेत घाम आला, अगदी त्या भोकापाशी. कोण बघतंय? उस्ताद की म्हाकू? म्हाकू असला, तर त्याला काय वाटत असेल, फुलीच्या मधोमध आपल्याला पाहून? त्याने घोंगडी घट्ट ओढली. मग सैल सोडली. काय केलं असता आपण कमी डुकरासारखे दिसू, हे त्याला कळेना.

दुसरं खाली आलं. तिसरं वर गेलं. खूप वेळ वरच राहिलं...

मग तेही खाली आलं. आणि रानावरून आवाज आला, मोठा, घोगरा.

"कोन हाय रं तकडं?"

"ओ! मी! मी आहे!" रणधीर ताडकन उभा राहिला. घोंगडी खाली पडली. दोन्ही हात वर गेले होते, आणि ते कधी गेले हे त्याला कळलंही नव्हतं. "मी, रणधीर!"

*

तो परत आला तेव्हा धापा टाकत होता. घोंगडीची घडी घालायचं त्याला सुचलं नाही. तशीच ती म्हाकूच्या हातात दिली.

"काय दिसलं?" त्याने म्हाकूला विचारलं. आवाजात अजून ताठा होता, पण पहिल्याइतका नाही.

म्हाकूने लांब दुर्बिणीकडे बोट दाखवलं. "ह्यातनं अंधार." नऊ पटीच्या दुर्बिणीकडे दाखवलं. "ह्यातनं ढेकूळ, ह्ये एवडं मोटं." मग धाकटीकडे. "ह्यातनं रान दिसलं, बांद दिसला, आनि मदी कायतरी काळं. डुक्कार म्हनलं तर डुक्कार. मानूस म्हनलं तर मानूस."

"म्हणजे तिन्हींतून ओळखू आलं नाही?"

"न्हाई."

"पण मीच आहे हे ठाऊक होतं की तुला! तुझ्यादेखत बसलो तिथं!"

"ठावं हुतं," म्हाकू म्हणाला. "तरी बी इचारलं."



म्हाकूने घोंगडी खांद्यावर टाकली आणि तो मेंढ्यांकडे गेला. वाडग्यात एक कोकरू ओरडत होतं. त्याने त्याला आईच्या कुशीत ढकललं.

उस्तादांनी दोन खोकी बंद करून रणधीरच्या काखेत दिली. चार पटीची दुर्बीण त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही ठेव. झाला निवाडा."

रणधीर तिच्याकडे बघत राहिला. मग आतून काहीतरी परत उफाळून आलं. लाज होती की राग, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"आणि हिच्यातूनही ओळखू आलं नाही, तर?" तो ओरडला. "तर मी काय करायचं? तिथनं हाका मारत बसू? तुम्हाला शिकार ठाऊक आहे, उस्ताद! चार चार दिवस श्वास रोखून बसावं लागतं! एक हाक मारली की डुक्कर पळून जाईल!"

उस्तादांनी खिशातून बोल्ट काढला. फडक्याने पुसला. दुर्बिणीशेजारी, त्याच तळहातावर ठेवला.

"पळेल," ते म्हणाले. "माणूस ओ देईल."