मधल्या घरांतले दोन राजे

अगं, ऐक तर, आत्ता बुद्धिबळाच्या स्पर्धेत काय झालं! पटावर उरले फक्त दोन राजे. पांढऱ्याची सगळी फौज, लाडका वजीरसुद्धा, टेबलाच्या कडेला आडवी पडलेली. डाव बरोबरीत सुटला. खेळाडूंनी शेकहँड केला आणि रिवाजाप्रमाणे दोन्ही राजांना पटाच्या मधोमध शेजारी ठेवलं. एरवी खेळात त्यांना इतकं जवळ येताच येत नाही ना!

काळा हळूच म्हणाला, "काय राव, तुम्हालाही एकटं वाटतं का हो?"

"हो" पांढऱ्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण कडेवरून वजीर बघत होता, आणि त्याला मारलं होतं याच काळ्यानं. पांढऱ्यानं ते "हो" गिळून टाकलं.

तेवढ्यात पुढच्या डावासाठी दोघांना उचलून दोन टोकांना नेलं. फौज पुन्हा भोवती उभी राहिली, तरी पांढरा लांब समोरच्या काळ्याकडेच बघत बसला.

तू त्याच्या जागी असतीस तर बोलली असतीस का गं?