टिचकीच्या पॅडची दोरी

एक होती उंदराची पोर. नाव तिचं टिचकी. एवढीश्शी! शेपूट तेवढं लांब, बाकी सगळं छोटं.

माळावर रोज हॉकी. वाकड्या काडीची स्टिक, टणक सुपारीचा चेंडू. टिचकी उभी गोलात. डोक्याला अक्रोडाचं हेल्मेट. पायांना शेंगेच्या टरफलाचं पॅड. बांधायला केळीची दोरी.

एकदा काय झालं, एक दोरी हरवली! एका पायाला पॅड, एक पाय उघडा.

"असू दे, आज तशीच खेळते," टिचकी म्हणाली. मोठी शहाणी!

सुपारी आली सुईंऽऽ... टण्ण! बसली उघड्या नडगीवर. नडगी सुजली. काळीनिळी झाली. टिचकी खूप खूप रडली.

बेडूकसर आले, डराँव डराँव. "पॅड नाही, तर खेळ नाही!"

टिचकी बाहेर बसली. आत खेळ चाललेला, टॉक टॉक. आभाळ काळं. टिचकीचं तोंड एवढंसं.

वर बघते तर काय! झाडावर शिंपीणताई पक्षीण. तिनं त्याच दोरीनं घरटं शिवलेलं.

"शिंपीणताई, माझी दोरी दे गं!"

"मी नाही जा! घरटं उसवेल, अंडी पडतील. सावरीचा कापूस आण, मग देईन."

टिचकी निघाली लंगडत. तुरु-लंग, तुरु-लंग.

"सावरीबाई, कापूस दे गं!
शिंपीण दोरी देईना,
पॅड बांधता येईना,
मला कुणी खेळायला घेईना!"

"मी नाही जा! माझं बोंड मिटलेलं. सूर्याचं ऊन आण, मग देईन."

टिचकी शेंड्यावर चढली. तुरु-लंग, तुरु-लंग.

"सूर्यदादा, ऊन दे रे!
सावरी कापूस देईना,
शिंपीण दोरी देईना,
पॅड बांधता येईना,
मला कुणी खेळायला घेईना!"

"मी नाही जा! ढग आडवा बसलाय. तो हटला, तर देईन."

"ढगोबा, ढगोबा, हट ना रे!
सूर्य ऊन देईना,
सावरी कापूस देईना,
शिंपीण दोरी देईना,
पॅड बांधता येईना,
मला कुणी खेळायला घेईना!"

"मी नाही जा! माझं अंग जड. वारा ढकलेल, तर हटेन."

वारा कुठे होता? बांबूच्या बेटात, तोंड फिरवून बसलेला. टिचकी खाली उतरली. तुरु-लंग, तुरु-लंग.

"वारेदादा, वाहा ना रे!
ढग जागचा हटेना,
सूर्य ऊन देईना,
सावरी कापूस देईना,
शिंपीण दोरी देईना,
पॅड बांधता येईना,
मला कुणी खेळायला घेईना!"

"मी नाही जा! मी आलो, की सगळे दारं लावतात. मी कुणाला आवडत नाही."

टिचकी खालीच बसली. आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नव्हतं. ती मुसमुसू लागली.

वाऱ्यानं हळूच मागे पाहिलं. "पायाला काय झालं गं?"

"सुपारी लागली. खूप दुखतंय."

"अगं बाई! इकडे आण पाय." आणि वाऱ्यानं आईसारखी फुंकर घातली. फूऽऽऽ!

फुंकर गेली वर. ढग हटला. सूर्यानं ऊन दिलं. बोंड तडकलं, तड्! सावरीनं कापूस दिला. शिंपिणीनं कापसानं घरटं शिवलं. दोरी सोडली. टिचकीनं पॅड बांधलं, करकचून!

तुरु-लंग, तुरु-लंग, माळावर आली. पण खेळ संपत आलेला. तिची बाजू हरत आलेली.

बेडूकसरांनी पॅड ओढून पाहिलं. घट्ट होतं. "जा," म्हणाले.

टिचकी गोलात उभी राहिली. सुपारी आली सुईंऽऽ... टक्! त्याच नडगीवर! सर उड्या मारत आले.

"टिचकी, लागलं का गं?"

टिचकीनं पाय हलवून पाहिला.

"पॅडला लागलं, सर. मला नाही!"